टाकी काकाजींची, वांगी आमची

घरी भाजीपाला लावायची उबळ नागपूरच्या माणसाला शेत पाहून येत नाही, भाव ऐकून येते. २०२३ च्या जुलैत टमाटर किलोला दीडशेच्या आसपास गेले तेव्हा आमच्या लेआउटमध्ये एकाएकी कृषिक्रांती झाली. ज्यांनी आयुष्यात तुळशीलाही नेमाने पाणी घातलं नव्हतं, ते लोक फाटकाशी उभे राहून रोपवाटिका, खतं आणि निचरा यांवर बोलू लागले. बी पेरलं गेलं ते रागाच्या भरात. टमाटरच्या रोपाला मात्र मालकाचा राग समजत नाही. बी टाकल्यापासून लाल फळ हाती यायला त्याला तीन-साडेतीन महिने लागतात, आणि मधल्या काळात तोच भाव पाहून राज्यातल्या शेतकऱ्यांनीही तेच पीक घेतलेलं असतं. सप्टेंबर उजाडला तसा भाव इतका कोसळला की ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी टमाटर रस्त्यावर ओतले. आमच्या लेआउटमधलं पहिलं फळ लाल झालं ते त्यानंतर.

सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, याहून वाईट. भर पावसाळ्यात बाजारातली जुडी हात लावू देत नाही. पण त्याच पावसाने कुंडीतला सांबारही सडलेला असतो. थंडीत कुंडी अशी हिरवीगार होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवावी, आणि नेमक्या त्याच दिवसांत बुधवार बाजारातली भाजीवाली पालकाच्या जुडीवर मूठभर सांबार वरून टाकते, न मागता. ऊन, पाऊस आणि थंडी सगळ्यांच्या वाट्याला एकाच वेळी येतात. पैसे वाचवण्यासाठी भाजी लावणाऱ्याने एवढं आधीच समजून घेतलेलं बरं. आम्ही समजून घेतलं आणि तरीही लावली, कारण तोवर बायकोने घराच्या हिशेबाच्या वहीत भाजीच्या रकान्याखाली लाल रेघ मारली होती. अट एकच होती. बागेवर रोख पैसा खर्च करायचा नाही.

आता जागेचं सांगतो. नागपूरचा माणूस गल्लीत किंवा सोसायटीत कमी आणि लेआउटमध्ये जास्त राहतो. पंधराशे चौरस फुटांचा प्लॉट, त्यावर घर, समोर गाडीची जागा, आणि घर व कंपाउंडच्या भिंतीमध्ये नियमाने सोडावी लागते ती पट्टी, जिला सगळे मार्जिन म्हणतात. मार्जिनमध्ये पाण्याची टाकी, मोडका पलंग, लग्नात आलेला आणि कधीच न उघडलेला डिनर सेट असा ऐवज असतो. तो हलवून आम्ही सुमारे चाळीस चौरस फूट मोकळे केले. सरकारच्या 'उमेद' अभियानातून खेड्यापाड्यांतल्या बचत गटांना जी पोषण परसबाग शिकवतात, तिचा एक सुंदर गोल आराखडा आहे. मधोमध खतपाण्याची जागा आणि भोवती सात वाफे, आठवड्याच्या सात वारांचे. कोणत्या वारी कोणत्या वाफ्यातली भाजी तोडायची ते ठरलेलं. तो आराखडा मी आमच्या मार्जिनमध्ये बसवून पाहिला. सोमवार ते बुधवार शेजाऱ्याच्या हद्दीत जात होते आणि शनिवारवर स्कूटर उभी होती.

तेव्हा वाफे नकोत, भांडी हवीत. आणि इथेच काकाजी आले.

आमच्या लेआउटमधले काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. नोकरीभर त्यांनी लोकांना पाणी जपून वापरायला सांगितलं आणि निवृत्तीनंतर तेच काम बिनपगारी चालू ठेवलंय. त्यांच्या गच्चीवर एक मेलेला कूलर होता. नागपूरबाहेरच्या वाचकाला याचं महत्त्व कळणार नाही. इथे दर घराला किमान एक लोखंडी कूलर असतो, तो चार महिने पाण्यात उभा राहतो आणि काही वर्षांनी खालून गंजायला लागतो. पत्रा सोलून निघतो, बोट लावलं की आरपार जातं, मग माणूस एम-सील लावतो, मग डांबर लावतो, आणि शेवटी नवा कूलर घेतो. जुना मात्र टाकत नाही. कबाडीवाला जो भाव सांगतो तो ऐकून प्रत्येकाला वाटतं, यापेक्षा राहू दे गच्चीवर. नागपूरच्या गच्च्यांवर असं किती लोखंड पडून आहे याची मोजणी कोणी केलेली नाही, पण भिलाईने एकदा चक्कर मारावी.

या कूलरची खालची टाकी काढली की तयार होतो एक उत्तम वाफा. दोन-अडीच फूट लांब, तेवढाच रुंद, वीतभर खोल. कुंडीला भोकं पाडावी लागतात, टाकीला गंजाने ती आधीच पाडून ठेवलेली असतात. कूलरवाला ज्याला गळती म्हणून कपाळावर हात मारतो, त्यालाच बागवाला निचरा म्हणून हात जोडतो. काकाजींची टाकी जिन्यावरून उतरवली तेव्हा तिच्या कोपऱ्यात फ्लोटचा प्लास्टिकचा चेंडू अजून दांडीला लटकत होता, आणि चारी भिंतींवर पाण्याच्या पातळीच्या रेघा होत्या, एकाखाली एक, पांढऱ्या, खरखरीत. मी पाइपने धुवायला घेतली तसे काकाजी ओरडले.

"अहो थांबा जी! ते पांढरं आधी खरवडून काढा. पाणी उडून जाते, क्षार मागे राहून जातात. अन् कूलरमधलं उरलेलं पाणी झाडाला देता का तुम्ही?"

"देणार होतो."

"झालं मंग. मीठ घालून लोणचंच घाला ना त्याचं."

हे मात्र खरं होतं. कूलर पाणी हवेत उडवतो आणि क्षार टाकीत साठवतो. हंगामाच्या शेवटी तळाला उरतं ते नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारं. लोक ते बचतीच्या भावनेने बादलीने झाडांना घालतात आणि झाडं का माना टाकतात याचं कोडं सोडवत बसतात. मी सांडशीने क्षार खरवडले. काकाजी खुर्ची टाकून बसले आणि कुठे राहिलंय ते बोटाने दाखवत राहिले. टाकी फुकट मिळाली ती अशी.

माती मिळवणं त्याहून सोपं निघालं. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर उभी केलेली भिंतही तडकते. म्हणून घर बांधताना पायातली काळी माती उकरून बाहेर फेकतात आणि मुरूम भरतात. नवीन बांधकामासमोर दोन ढीग असतात, एक या मातीचा, एक रेतीचा. रेतीच्या ढिगाशेजारी चौकीदार झोपतो, मातीच्या ढिगावर कुत्रं. शेतकऱ्याने जिच्यात पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवला ती माती कोणी न्यावी म्हणून ठेकेदाराची पैसे द्यायची तयारी असते. आम्ही घमेल्याने नेली. तिच्यात निम्मं शेणखत आणि वाळका पाला मिसळला, कारण नुसती काळी माती टाकीत भरली तर पावसात तिचा चिखल होतो आणि ऑक्टोबरमध्ये वीट. शेणखत कोपऱ्यावरच्या गवळ्याने दिलं. त्यानेही पैसे घेतले नाहीत. "भाजी निघाली की आठवण ठेवा" एवढंच म्हणाला. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं सगळं कळलं असतं.

वास्तविक सल्ल्यासाठी या शहराइतकं भाग्यवान शहर नाही. देशाच्या मातीची मोजदाद करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो अमरावती रोडवर, कापसाची केंद्रीय संस्था वर्धा रोडवर, संत्र्याची आणखी वेगळी. महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय तर १९०६ पासूनचं. एवढं असून आमच्या लेआउटमधलं एकही रोप कोणत्या शास्त्रज्ञाला विचारून लागलेलं नाही. कारण शास्त्रज्ञाकडे जावं लागतं. काकाजी स्वतः येतात.

ते रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतताना टाकीपाशी थांबत. "पाणी जास्त होऊन राहिलं जी तुमचं." ते गेले की समोरच्या वहिनी गेटमधून डोकावत. "पाणी कमी पडून राहिलं वाटते, पानं पाहा कशी झाली." दोघांचंही मन मोडायचं नाही म्हणून मी काकाजींसमोर पाइप बंद करायचो आणि वहिनींसमोर चालू. वांग्याच्या रोपांना हे मानवलं. त्यांना मुळात सकाळी माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी हवं असतं, एवढंच कारण. पण दोन्ही बाजूंनी श्रेय घेतलं.

मग जीवामृत. नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, २०१६ साली पद्मश्री मिळालेले. त्यांची कृती विदर्भात पुष्कळांना तोंडपाठ आहे. दहा किलो शेण, तितकंच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती, दोनशे लिटर पाणी. हे एका एकराला. काकाजींनी चष्मा पुसला, कागद मागितला आणि एकराच्या ४३,५६० चौरस फुटांनी भागायला बसले. आमच्या चाळीस चौरस फुटांच्या वाट्याला आलं नऊ ग्रॅम शेण, दोन ग्रॅमला जरा कमी गूळ, तेवढंच बेसन आणि १८४ मिलिलिटर पाणी. माती 'मूठभर'च्या हजाराव्या हिश्शाएवढी. दोन ग्रॅमला जरा कमी म्हणजे नेमकं किती, हे मोजायचं तर इतवारीच्या सराफ्यात जावं लागलं असतं, आणि सराफाने काट्यावर शेण ठेवू दिलं असतं की नाही ते वेगळंच.

हा हिशेब चालू असताना आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईने शेणाचा एक पो बादलीत टाकला, वर गुळाचा खडा, काठीने कालवलं आणि झाकून ठेवलं. "उद्या गाळून देजा भाऊ," म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

या ताईबद्दल थांबून लिहायला हवं. तिचं माहेर भिवापूरकडचं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालंय हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग आता भाव वाढन का?" मला उत्तर देता आलं नाही. तिने पदराच्या गाठीतून मिरचीचं बी आणून दिलं आणि वर सांगितलं की टाकीत दाटी करू नका, चार झाडं बस झाली. धने पेरायच्या आधी फरशीवर चपलेने रगडून दोन करायचे, हे तिनेच शिकवलं. एका धन्यात दोन बिया असतात आणि अख्खा टाकला तर उगवायला फार दिवस लावतो. कूलरच्या जुन्या ताट्यांचं खस फेकू नका, झाडाच्या बुडाशी पसरा, ओल टिकते, हेही तिचंच. वस्तीत तिचं एका खोलीचं घर आहे. दारापुढच्या हातभर जागेतून पोपटाच्या शेंगांचा वेल टिनावर चढलाय, बाजूला रंगाच्या डब्यात धोप्याची, म्हणजे अळूची, पानं, आणि बारदानात ढेमसं. हे सगळं तिने कधी बाग म्हणून कोणाला दाखवलेलं नाही, त्याचा फोटो काढलेला नाही आणि त्यावर कोणाचा सल्लाही मागितलेला नाही. कमी पैशांत भाजी कशी लावावी हा तुम्हा-आम्हाला पडलेला प्रश्न आहे. तिच्या घरी पैसे कमी असतात म्हणून भाजी लागते, आणि ती लागली नाही तर त्या रात्री चटणी-भाकर असते. आमच्या चाळीस चौरस फुटांतला सगळा विनोद या फरकातून येतो, हे मला कबूल आहे.

उन्हाळ्यात मात्र तिच्या वेलाची आणि माझ्या टाकीची जात एकच होते. नवतपा लागला की नागपुरात झाडं उभी असतात, जगत नसतात. २०२४ च्या मेअखेरीस रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि शहरभर खळबळ उडाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. लोकांना ते पटलं, पण थोडं वाईटही वाटलं. इतकी वर्षं सोसून एक विक्रम हातात आला होता, तोही परत घेतला. त्या उन्हात महापालिका सिग्नलवर थांबणाऱ्यांसाठी चौकात हिरवी नेट बांधते. तीच हिरवी नेट वांग्यांवर बांधायची. आम्ही ती विकत घेतली नाही. बांधकाम संपलेल्या एका घराच्या परांच्यांवर उरलेली मागून आणली. म्हणजे भागीदार आणखी एक वाढला.

पहिल्यांदाच लावणाऱ्याने नागपुरात मार्च-एप्रिलच्या नादी लागू नये, मृगाचा पाऊस जमिनीत मुरू द्यावा आणि भेंडी, बरबटी, दोडक्यापासून सुरुवात करावी. ही पिकं शिकाऊ माणसाला सहन करतात. भेंडी दीड-दोन महिन्यांत लागते. मेथी, पालक, मुळा ऑक्टोबरनंतर. मेथीसाठी बियाण्याच्या दुकानात जायची गरज नाही, फोडणीच्या डब्यातली चालते. टमाटर, वांगं यांचं बी मात्र बाजारच्या फळातून काढलं तर काय निघेल सांगता येत नाही. फळ संकरित असलं तर पोरं बापावर जात नाहीत. त्यासाठी कॉटन मार्केटच्या बाजूच्या बियाण्याच्या दुकानांतून वीस-तीस रुपयांचं पाकीट आणावं लागतं. टमाटरपुरती बायकोची अट मोडली. तिने पाकिटाची पावती वहीत डकवून ठेवली आहे. जूनमध्ये लेआउटभर कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तो गोळा करून वाळवावा. लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून गाळलं की मावा पळवायचं औषध तयार. मावा जातो. पाहुणेही जातात.

पीक आलं. भेंडीची चार झाडं होती, आणि चार झाडांच्या भेंडीचा एक स्वभाव असतो. ती रोज दोन-तीन देते. दोन-तीन भेंड्यांची भाजी होत नाही. झाडावर ठेवाव्या तर दोन दिवसांत जून होतात, सुरीलाही दाद देत नाहीत. फ्रीजमध्ये जमवाव्या तर पहिल्या दिवशीच्या लिबलिबीत होतात. मग माणूस करतो काय, तर घरच्या भेंडीला भर म्हणून बाजारातून पाव किलो आणतो. भाजीवाली विचारते, "बस? पावच?" सांगावं लागतं, "घरी लावली आहे ना." ती अशी पाहते की पुढच्या वेळी आपण अर्धा किलो घेतो.

वांगी पहिल्या तोडणीला पाच निघाली. त्यातलं एक अळीने आधीच आतून खाल्लेलं. फळ पोखरणारी ही अळी वांग्याची जुनी भाडेकरू आहे. उरलेली चार टोपलीत ठेवून आम्ही हिशेब मांडला. टाकी काकाजींची, शेणखत गवळ्याचं, माती ठेकेदाराची, नेट समोरच्या बांधकामाची, रोपं वहिनींनी दिलेली, राखण आणि अक्कल ताईची. शिवाय काकाजी बोलताना 'आपली वांगी' म्हणायला लागले होते. एकदा तर त्यांनी गेटवरच्या पाहुण्यांना टाकी दाखवताना माझी ओळख "हे पाणी घालतात" अशी करून दिली.

चार वांगी सहा घरांत वाटता येत नाहीत, पण भरीत येतं. आईने ती मार्जिनमध्येच चूल मांडून काडीकचऱ्यावर भाजली, कारण गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती वांगं मानत नाही. पातीचा कांदा, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, वरून भिवापुरीची फोडणी आणि मूठभर सांबार. सहा वाट्या भरल्या. आमच्या वाट्याला कढईला लागलेलं आलं, ते पोळीने पुसून खाल्लं, आणि ते उत्तम होतं.

हिशेब तिथे मिटायला हवा होता. पण आपल्याकडे शेजारचं भांडं कोणी रिकामं परत करत नाही. वहिनींच्या वाटीतून करंज्या आल्या. ठेकेदाराच्या माणसाने वाटी परत करताना "आणखी माती पाहिजे का" विचारलं. गवळ्याने ताक दिलं. काकाजींनी वाटीवर आडवी ठेवून एक भलीमोठी लौकी पाठवली, आणि आमच्या घरी लौकी कोणी खात नाही. ती आम्ही ताईला दिली. ताईने दुसऱ्या दिवशी त्याबद्दल पोपटाच्या शेंगा आणल्या. शेंगा सोलायला वेळ लागतो म्हणून बायकोने निम्म्या वहिनींकडे पाठवल्या, आणि वहिनींनी वाटीत चकल्या घातल्या. गेल्या दिवाळीपासून आमच्या स्वयंपाकघरात पाच वाट्या दुसऱ्यांच्या आहेत. कोणाची कोणती हे आता कोणालाच सांगता येत नाही.

बायकोच्या वहीत भाजीचा खर्च तेवढाच आहे. फराळाचा वाढला, कारण वाटी भरायला काहीतरी लागतं. मी यंदा पालकासाठी आणखी एक टाकी शोधतो आहे. हल्ली कोणाकडे बसायला गेलो की गप्पांत माझं लक्ष नसतं; मी खिडकीतल्या कूलरचा तळ पाहत असतो. परवा सक्करदऱ्याला एका मित्राकडे गेलो होतो. त्याचा कूलर खालून झकास सुटला आहे, तीन ठिकाणी टपकतो. मी त्याला एम-सील लावू नकोस म्हणून सांगून आलो आहे.